साडेतीननंतर जा

तू नवीन ना, चौदा नंबरात, वरच्या मजल्यावर?
मग ऐक. रविवारचा रोस्ट कुठे खावा
हे डेटफर्डमध्ये तिघांना विचारलंस तर चार पत्ते मिळतील.
मी तीस वर्षं या गल्ल्यांत पत्रं टाकली.
कुठल्या दाराआडून कसला वास येतो
हे कुत्र्यांच्या खालोखाल मलाच ठाऊक.

स्टेशनजवळ एक नवं आहे, काचेचं.
तिथे गाजर एकच देतात, पण त्याची वंशावळ सांगतात.
बटाटे मोजून तीन. ग्रेव्ही
डोळ्यांत औषध घालावं तशी.
आई भेटायला आली तर ने तिला. फोटो छान येतात.

बाजाराच्या कोपऱ्यावरचं बरं होतं,
पण त्यांचा आचारी एका दंतवैद्य बाईच्या मागे मार्गेटला गेला
आणि भाजलेलं कशाला म्हणायचं, उकडलेलं कशाला,
हे सांगणारं तिथे कुणी उरलं नाही.

तू ‘बुटक्या नांगरा’त जा.
नांगर म्हणजे जहाजाचा हं, शेतातला नव्हे.
नदी इथून दोन गल्ल्यांवर. शेत कुठलं?

आणि साडेतीननंतर जा.
तोवर लेकुरवाळे गेलेले असतात,
काचा आतून घामेजलेल्या,
फळ्यावरचं कोकरू डिलिसने ओल्या अंगठ्याने पुसलेलं.
उरतं ते बीफचं टोक, बाहेरचं, काळपट,
आणि ट्रेच्या तळाचे बटाटे,
दुपारभर चरबीत मुरलेले, कडांना जळलेले.
हे ती मोजत नाही. डावाने सरळ लोटते ताटात.

त्या वेळी ग्लेनरॉय येतो, बसची पाळी संपवून.
खिशातून स्वतःची मिरचीची बाटली काढतो
आणि डिलिस दर वेळी दुसरीकडे बघते.

आणि ऑडी. सिरिल ऑडी, बॅटलीचा.
लंडनला येऊन चाळीस वर्षं झाली, पण पोट तिकडचंच.
दर रविवारी ताट आलं की काट्याने पुडिंग बाजूला सारतो:
“हे आधी वाढायचं असतं, बाई. वेगळ्या ताटलीत.
नुसत्या ग्रेव्हीबरोबर. मांसाच्या आधी.
आम्ही सात भावंडं होतो आणि मांस एवढंसं.”
मूठ दाखवतो. मूठही आता लहान झालीय.
डिलिस म्हणते, “इथे सगळं एकाच ताटात, मिस्टर ऑडी.”
नावडतीचं मीठ अळणी म्हणावं,
तर हा एक रविवार चुकवत नाही.

फेब्रुवारीत एकदा ओव्हन रुसला.
चार वाजले, मांस आत अजून लालच,
लोक चमचे वाजवायला लागलेले.
डिलिस घामाघूम बाहेर आली,
हातावर परात, परातीत फुगलेली पुडिंगं,
दर माणशी एक, वर ग्रेव्ही.
“तोवर हे खा,” म्हणाली. ऑडीकडे बघितलंही नाही.

ऑडीने रुमाल मांडीवर पसरला.
सावकाश खाल्लं. बोटाने ताटली पुसली.
मग म्हणाला, “पीठ अजून तासभर मुरायला हवं होतं.”

मांस आलं तेव्हा त्याला जाईना.
अर्धं त्याने ग्लेनरॉयच्या ताटात सरकवलं:
“बघ. हेच सांगत होतो मी.”
ग्लेनरॉयने मिरची ओतली आणि खाऊन टाकलं.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळं एकाच ताटात.
ऑडीने पुन्हा काट्याने पुडिंग सारलं, पुन्हा मूठ दाखवली,
आणि आम्ही सगळे निवांत जेवलो.

तर तिथे जा. रेडिएटरजवळची खुर्ची सोडून बस कुठेही.
हॉर्सरॅडिश जपून घे, नाकात जातं.
त्याने पुडिंगबद्दल विचारलं तर, आधी, म्हण.
तिने विचारलं तर म्हण, भूक लागलीय.
पुढचं दार अडकतं.
खांद्याने ढकल.